आजीला ती गोष्ट मराठीत सांग

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "घरात आम्ही पाच जण. मी आणि नवरा नोकरी करतो, लेक दहावीत, मुलगा सहावीत, सासूबाई आमच्याकडेच असतात. लेकीला इंग्रजी ख्रिस्ती कादंबऱ्यांचं वेड लागलं आहे, त्यातही अमेरिकेतल्या आमिश नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या लोकांवरच्या. मीही लोकलमध्ये मोबाइलवर त्या वाचते आणि मला आवडतात. सासूबाई म्हणतात, देवाचं वचन सोडून रचलेल्या गोष्टी कशाला वाचायच्या? नवरा म्हणतो, दहावीचं वर्ष आहे. या वाचनाने विश्वास वाढतो की नुसता वेळ जातो? कोणती पुस्तकं घरात आणावीत? आणि आणखी एक. रात्री कौटुंबिक प्रार्थनेला सगळे बसतात, पण कोणी कोणाशी बोलत नाही. त्याचं काय करू?"

जय ख्रिस्त, ताई.

आमच्या मंडळीचं वाचनालय मी बावीस वर्षं सांभाळते आहे. वाचनालय म्हणजे चर्चच्या मागच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट आणि रविवारी उपासना सुटल्यावरचा एक तास. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, शब्बाथ शाळेतला, म्हणजे चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या शाळेतला, मोठ्या मुलांचा वर्ग मात्र अजून घेते. कोणतं पुस्तक आठवड्यात परत येतं, कोणतं तीन महिने घरोघर फिरत राहतं आणि कोणतं न वाचताच परत येतं, हे बघत आले आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात करते. प्रार्थनेला सगळे बसतात आणि कोणी बोलत नाही, हे कितीतरी घरांत आहे. बाप साडेनऊला घरी पोचतो, आई गाडीतून उतरून भाजी घेत येते आणि पदर खोचून सरळ ओट्याशी उभी राहते, मुलांचे क्लास आठला सुटतात. मग एक अध्याय, एक गीत, एक प्रार्थना आणि दिवा बंद. त्या दहा मिनिटांत देवाशी बोलणं होतं, एकमेकांशी राहून जातं. गोष्ट उपयोगी पडते ती इथे. माणूस स्वतःबद्दल जे उघड बोलत नाही, ते गोष्टीतल्या माणसाबद्दल अगदी सहज बोलतो. मात्र ती गोष्ट प्रामाणिक हवी, आणि तिचं तात्पर्य काढायची घाई आपण करू नये. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही मला यातूनच द्यायची आहेत.

सासूबाईंच्या म्हणण्याला हसू नका. त्यांच्या पिढीत पुष्कळ घरांत पुस्तकं दोनच असायची, पवित्र शास्त्र आणि गीतांचं पुस्तक, आणि त्या दोन पुस्तकांवर माणसांनी आयुष्यं काढली. वचन मागे पडेल ही त्यांची भीती खरी आहे. पण त्यांच्याजवळ बसून शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला बारावा अध्याय काढा. दावीद राजाने आपल्याच सैन्यातल्या उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत मारवलं, आणि सगळं झाकलं गेलं. नाथान संदेष्टा राजापुढे आला तेव्हा त्याने आज्ञा वाचून दाखवल्या नाहीत, दावीदाला त्या पाठच होत्या. त्याने गोष्ट सांगितली. एक श्रीमंत, त्याची पुष्कळ मेंढरं. एक गरीब, त्याचं एकच कोकरू, त्याच्याच ताटात खाणारं, त्याच्याच कुशीत झोपणारं. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने आपली मेंढरं राखली आणि गरिबाचं कोकरू कापलं. दावीद संतापला, आणि मग नाथान म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. रचलेली गोष्टच होती ती. तिने राजाला पाप कबूल करायला लावलं.

प्रभू येशूही लोकसमुदायाशी दाखल्यांतून बोलत असे, हे तुमच्या सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्र, बापाचा पैसा उधळून घरी परतणारा धाकटा मुलगा, तर लहान मुलांनाही येतो. पण एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: तो दाखला पुरा होत नाही. धाकटा परत आला, मेजवानी झाली, गाणं-बजावणं झालं. थोरला मात्र दाराबाहेर रागावून उभा आहे, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो आहे, आणि तिथेच गोष्ट थांबते. थोरला आत गेला की नाही? येशूने सांगितलेलं नाही. शब्बाथ शाळेत मी दर वर्षी हा प्रश्न टाकते आणि दर वर्षी वर्गात दोन तट पडतात. एकदा एक मुलगा एवढंच म्हणाला, "नाही जाणार तो. रोज काम त्यानेच केलं होतं." त्या मुलाच्या घरी काय चाललं होतं ते मला महिन्याभराने कळलं.

राहिला प्रश्न कादंबरी आपली की परकी हा. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाली. लिहिणारे बाबा पदमनजी तेव्हा सव्वीस वर्षांचे होते आणि बाप्तिस्मा घेऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची हकिगत ऐकते आणि पुढे स्वतः विधवा होते. म्हणजे विश्वास आणि कुटुंब यांवरची गोष्ट मराठी कादंबरीच्या पहिल्या पानापासून आहे. त्याच्याही मागे जायचं तर फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, तेही ओव्यांत, जमलेल्या लोकांना वाचून दाखवता यावं असं. सासूबाईंना हे जरूर सांगा. माझ्या सासूबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आधी का नाही बोललीस?"

'यमुनापर्यटन' आज वाचताना मला तिची ताकद विधवांच्या हकिगतींत दिसते. केशवपन, उपास, सासरचे शब्द, हे सगळं लेखकाने कान देऊन ऐकलेलं आहे. जिथे पात्रं लांबलचक बोलून धर्म समजावू लागतात तिथे माझं वाचन मंदावतं. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला दोष द्यायचा म्हणून मी हे म्हणत नाही. हाच फरक तुम्हाला लेकीच्या मोबाइलमधल्या कादंबऱ्यांतही सापडेल. ज्या पानांत लेखकाने दुःख ऐकलं आहे ती जिवंत असतात. ज्या पानांत उत्तर आधीच ठरलेलं आहे ती कोरडी पडतात.

आता थोडं स्वतःचं सांगते. चौदा वर्षांपूर्वी माझे यजमान अकरा दिवस आयसीयूत होते. मंडळीने साखळी प्रार्थना केली, रात्री दोनलाही कोणी ना कोणी गुडघ्यावर होतं. ते गेले. पुढे दोन महिन्यांनी एका मैत्रिणीने, अगदी मायेने, मला एक कादंबरी आणून दिली. त्यात बायको प्रार्थना करते आणि मरणाच्या दारातून नवरा उठतो. मी ती अर्धीच ठेवली. पुस्तक वाईट नव्हतं, पण त्यात माझ्यासारखीला जागाच नव्हती. जिचा नवरा उठला नाही ती बाई त्या गोष्टीत कुठे बसणार? तिच्या प्रार्थनेत काय कमी होतं, असा प्रश्न त्या पुस्तकाने न विचारता विचारला होता.

तेव्हापासून कपाटात नवं पुस्तक घेताना मी पवित्र शास्त्रातला ईयोब आठवते. त्याची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले, आणि तीन मित्र भेटायला आले. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं सगळ्यात चांगलं काम तेच. तोंड उघडल्यावर त्यांनी जे सांगितलं त्याबद्दल शेवटी देव त्यांच्यावर कोपला. तर मी बघते की हे पुस्तक सात दिवस बसायला तयार आहे का. दुसऱ्या प्रकरणात घाव आणि तिसऱ्यात वचन सांगून मलमपट्टी, असं असेल तर मी ते कपाटात घेत नाही, मग त्यावर कितीही मोठ्या प्रकाशनाचं नाव असो.

दुसरं बघते ते असं की प्रार्थना केल्यावर गोष्टीत काय होतं. नोकरी मिळते, पाऊस पडतो, दारुडा नवरा एका रात्रीत सुधारतो, असं प्रत्येक वेळी होत असेल तर लहान मुलांना तरी ते देऊ नका. मुलं हिशेब पक्का करतात. परीक्षेत मार्क कमी पडले की तोच हिशेब देवापुढे मांडतात. प्रार्थना करणारं माणूस बदललं, परिस्थिती तशीच राहिली, तरी घर उभं राहिलं, असं ज्या पुस्तकात येतं ते माझ्या कपाटात फाटेपर्यंत फिरतं. आणि खलनायक. जो विश्वास ठेवत नाही तो प्रत्येक जण वाईट, असं पुस्तक मुंबईत वाढणाऱ्या मुलाच्या हातात देऊच नये. नाताळाला आपल्या करंज्या ज्या घरी जातात आणि गणपतीत ज्या घरून मोदक येतात, ती माणसं त्याने पाहिलेली असतात. पुस्तक खोटं बोलतं आहे हे त्याला लगेच कळतं, आणि मग त्यातलं खरंही तो मानत नाही.

तुमच्या दोघींच्या आमिश कादंबऱ्यांकडे येते. आधी थोडी माहिती, घरात सांगायला उपयोगी पडेल. आमिश हे नाव याकोब अम्मान याच्यावरून पडलं. १६९३ च्या सुमारास स्वित्झर्लंड आणि अल्सासमधल्या अ‍ॅनाबाप्टिस्ट, म्हणजे बाप्तिस्मा मोठेपणीच घ्यावा असं मानणाऱ्या, लोकांत फूट पडली, तेव्हा कडक शिस्त धरणारा गट त्याच्यामागे गेला. अठराव्या शतकात त्यांच्यातले पुष्कळ जण पेनसिल्व्हेनियात जाऊन राहिले. जुन्या वळणाचे आमिश आजही घोडागाडी वापरतात, घरात बाहेरून विजेची तार घेत नाहीत, बाप्तिस्मा मोठेपणी स्वतःच्या मर्जीने घेतात. बाप्तिस्मा घेऊन वचन मोडलं तर मात्र समाज त्या माणसाला दूर करतो. या कादंबऱ्यांतलं बरंचसं नाट्य तिथून येतं. त्या लिहिणारे बहुतेक लेखक स्वतः आमिश नाहीत, हे लेकीला माहीत असू द्या. बाहेरून पाहिलेलं गाव अंमळ जास्तच शांत दिसतं.

त्या शांततेची ओढ मी समजू शकते. ठाण्याला गाडीत शिरताना खांदा लावावा लागतो, आणि हातातल्या मोबाइलमध्ये कोणी कंदिलाच्या उजेडात पाव भाजतं आहे. तो अर्धा तास तुम्हाला मिळतो, तो घ्या. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

फक्त एका ठिकाणी सांभाळा, आणि हे मी तुमच्यासाठीही लिहिते. या कादंबऱ्यांतले नवरे फार ऐकून घेतात. बायको गप्प झाली की त्यांना कळतं. आमच्या वाचनमंडळातल्या एका बाईने एकदा सगळ्यांसमोर सांगितलं की असं पुस्तक वाचून झालं की दोन दिवस तिला स्वतःच्या नवऱ्याचा आवाजही सहन होत नाही. ती खरं बोलली. चर्चगेटहून विरारपर्यंत उभ्याने आलेल्या माणसाशी कादंबरीतल्या शेतकऱ्याची तुलना केली की तो हरणारच. तिला मी पुस्तक सोडायला सांगितलं नाही. सांगितलं, पुस्तकातला जो संवाद आवडला तो नवऱ्याला सांग, आणि म्हण, मला असं कोणी विचारलेलं आवडतं. तिने सांगितलं की नाही ते मी विचारलं नाही.

लेकीच्या वयाला दुसरा धोका आहे. मजकूर स्वच्छ आहे म्हणून गोष्ट खरी असते असं नाही. धीर धर, देव योग्य माणूस पाठवेल, हे वाक्य पंधराव्या वर्षी गोड लागतं. पण आपल्या मंडळ्यांत चाळिशीच्या अविवाहित बहिणी आहेत, त्यांनी काय कमी धीर धरला? आणि लग्न ठरवताना आपल्यातही जात हळूच विचारली जाते, हे आपण सगळे जाणतो. त्यावर अजून कादंबरी लिहून व्हायची आहे. लेक मोठी झाल्यावर तिनेच लिहावी, असं मला मनापासून वाटतं.

आता घरात करायचं काय ते सांगते, कारण हे माझ्याच घरात झालं. माझी मुलगी तेरा-चौदा वर्षांची असताना तिला फोर्टच्या फुटपाथवर अशीच एक आमिश कादंबरी मिळाली. सासूबाई विरोधात. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या, सातवी शिकलेल्या, स्तोत्रं तोंडपाठ. मी वैतागून मुलीला म्हटलं, तू वाचतेस त्यात वाईट नाही ना, मग आजीला सांग ती गोष्ट मराठीत. ती सांगू लागली. कंदील आला, विहीर आली, घोडागाडी आली, आणि सासूबाई म्हणाल्या, "हे तर आमचंच गाव. घोड्याच्या जागी बैल घाल." मग रोज जेवण झालं की त्या विचारायच्या, त्या पोरीचं पुढे काय झालं?

एका रात्री मुलगी अडली. गोष्टीतल्या बाईशी तिच्या घरच्यांनी बोलणं सोडलं होतं, तिच्या पंगतीला कोणी बसत नव्हतं. याला मराठीत काय म्हणतात ते तिला येईना. सासूबाई म्हणाल्या, "वाळीत टाकणं." आणि बराच वेळ गप्प राहून त्यांनी आपल्या आजीची हकिगत सांगितली, जी मी लग्नाच्या सतरा वर्षांत ऐकली नव्हती. आजीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा सख्ख्या भावाने तिला दारात उभं राहू दिलं नाही. पुढे दर भाऊबीजेला ती ताट करायची, सुपारी ठेवायची, निरांजन मात्र लावायची नाही, आणि संध्याकाळी ताट उचलून ठेवायची. असं मरेपर्यंत केलं. भाऊ कधी आला नाही. माझे यजमान तेव्हा होते. ते पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. त्यांनाही ते माहीत नव्हतं, आणि ती त्यांच्या आईची आजी होती.

त्या रात्री आमच्या घरात प्रार्थना निराळी झाली.

तर शनिवार ठरवा. जेवण झाल्यावर वीस मिनिटं, जास्त नाही. कौटुंबिक प्रार्थनेच्या जागी हे ठेवू नका, तिच्या आधी ठेवा, म्हणजे सासूबाईंना वचन मागे पडल्यासारखं वाटणार नाही. लेक एक प्रकरण मराठीत सांगेल. दहावीच्या मराठीला याने मदतच होते, हे नवऱ्याला सांगा, मी मराठीची शिक्षिका म्हणून सांगते आहे. "यातून काय शिकलात?" हा प्रश्न घरातल्या कोणीही विचारायचा नाही, पाळक घरी आलेले असले तरी. "तू असतास तर काय केलं असतंस?" एवढं विचारा आणि उत्तर आलं नाही तर सोडून द्या. सहावीतला मुलगा मध्येच उठून जाईल, जाऊ द्या, दुसऱ्या खोलीतूनही ऐकू येतं. नवऱ्याला आग्रह करू नका. माझे यजमान पहिले दोन महिने पेपरमागेच होते.

इंग्रजी संपलं की मराठी घ्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही कादंबरी नाही, आत्मकथन आहे, पण विश्वास आणि संसार एकाच घरात कसे नांदतात, भांडतात आणि पुन्हा नांदतात हे त्याहून चांगलं सांगणारं पुस्तक मला माहीत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत इथेच मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं, त्या वर्षानुवर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या स्वतः ख्रिस्ताकडे आल्या, पण कोणाच्या भाषणाने नव्हे, आपल्या पायांनी आणि आपल्या वेळेला. नवऱ्यावरचा राग त्यांनी लपवला नाही आणि प्रेमही लपवलं नाही. तुमच्या सासूबाईंना वाचून दाखवताना तुम्हाला मध्ये मध्ये थांबावं लागेल, कारण त्या हसत असतील. आमच्या कपाटात दोन प्रती आहेत, दोन्ही सध्या बाहेर आहेत.

येत्या शनिवारी सुरुवात करा. चहा आधी करून ठेवा, मध्ये उठावं लागलं की सूर तुटतो. लेक कधी ना कधी त्या शब्दापाशी अडेल, आमिश कादंबरीत तो येतोच. तुम्हाला येत असला तरी सांगू नका. आजीला विचारू दे.